सरक जरा

धुणं यंत्रात टाकण्याआधी सगळे खिसे तपासायचे, ही सवय रोवीनाला तिच्या आईनं लावली होती. ऑगस्टातल्या एका शनिवारी सकाळी ती कपड्यांच्या दोन पिशव्या घेऊन कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेली आणि नवऱ्याच्या जाड चौकडीच्या जॅकेटात तिला एक कॅसेट सापडली. वर फर्गसच्या, म्हणजे नवऱ्याच्याच, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: ‘टॅनक बे. सरक जरा. पहिलं.’

यात चोरीछुपं असं काही नव्हतं. फर्गस गाणी लिहायचा, गायचा आणि गिटार वाजवायचा. रोवीना बेस गिटार वाजवायची आणि हेमी पराता ड्रम. तिघांच्या बँडचं नाव ‘वेट कोट्स’. सात वर्षं डनीडन शहरातल्या पबांतून आणि चर्चच्या गारढोण हॉलांतून वाजवून त्यांनी मिळवलं काय, तर शंभरेक ओळखीचे चेहरे आणि एक खोकणारी व्हॅन. त्यात गेली दोन वर्षं फर्गसला एक ओळ सुचली नव्हती. म्हणून जुलैच्या, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत तो दक्षिणेला, टॅनक बेवरच्या एका जुन्या झोपडीत तीन आठवडे एकटा जाऊन राहिला आणि परत येताना एकच गाणं घेऊन आला. ते पहिल्यांदा ऐकल्यावर हेमीनं ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या होत्या. मग म्हणाला होता, “हे आपलं वाटत नाही रे. इतकं चांगलं आपण कधी केलंय?”

येत्या शुक्रवारी त्याच गाण्याचं सिंगल, म्हणजे एका गाण्याची छोटी रेकॉर्ड, निघणार होतं.

कपडे घुसळून होईपर्यंत रोवीना व्हॅनमध्ये जाऊन बसली. तिनं कॅसेट लावली. आधी समुद्राची घरघर ऐकू आली, मग गिटार, मग फर्गस. सरक जरा, गारठलेय मी, सरक जरा, जागा कर. एवढंच ध्रुवपद. चाल अशी, की एकदा कानात शिरली की तिथंच बिऱ्हाड करायची. पहिल्यांदा तो एकटाच म्हणाला. दुसऱ्यांदा ध्रुवपद आलं तेव्हा त्याच्याबरोबर एका बाईचा आवाज होता.

रोवीनानं टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली.

ती बाई गायिका नव्हती. झोपेतून उठवलेलं माणूस बोलतं तसं ती शब्द नुसते सुरावर ठेवत होती. आणि ती फर्गसपेक्षा माइकच्या जवळ होती. इतकी जवळ, की ओठ एकमेकांपासून सुटल्याचा बारीक आवाजही ऐकू येत होता. श्वास मात्र कुठंच ऐकू येत नव्हता.

काचेवर पावसाचे चार थेंब पडले. रोवीना स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. गेल्या महिन्याभरातल्या गोष्टी एकेक करून तिच्या डोळ्यांपुढे येऊ लागल्या. टॅनक बेहून आल्यापासून फर्गस पलंगाच्या अगदी कडेला, अंग चोरून झोपत होता. सकाळी उजाडलं की दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी असायची. चादर तिथं दमट लागायची. डनीडनच्या घरांना ओल काही नवी नाही, म्हणून तिनं मनावर घेतलं नव्हतं. नवरा-बायकोत कधी कधी अंतर पडतं, तसं पडलं असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. आता त्या अंतराला आवाज मिळाला होता.

कपडे वाळवून, घड्या घालून ती घरी गेली. कॅसेट तिनं आपल्या बेसच्या पेटीत ठेवली. वर तारांचं भेंडोळं टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सिंगलची कागदी आवरणं चिकटवत बसले. पाचशे आवरणं, एक कात्री, गोंदाच्या दोन बाटल्या. मध्ये बशीत चीज रोल गार होत होते.

“फर्ग्या, गोंद लाव,” हेमी म्हणाला. “विचार करायला इथं पगार मिळत नाही.”

“लावतोय.”

“तीन आवरणं उलटी लावलीस. घेणाऱ्याला वाटेल आम्ही मुद्दाम केलंय. मग ती जास्त किमतीला विकली जातील आणि पैसे भलत्यालाच मिळतील.”

रोवीनानं घडी घालता घालता, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “टॅनक बेला कोणी भेटलं होतं का रे तुला? कधी सांगितलंच नाहीस.”

“कोण भेटणार? मेंढ्या.”

“मेंढ्या गातात का?”

हेमी हसला. फर्गसनं कात्री खाली ठेवली. “का विचारतेस?”

“सहज.”

“एक म्हातारी आहे. झोपडीची किल्ली तिच्याकडे असते. बाकी कोणी नाही.” थोडा वेळ तो बोटाला लागलेला गोंद सोलत बसला. मग मान वर न करता म्हणाला, “ती कॅसेट तुझ्याकडेच राहू दे. पण दुसऱ्या कुणाला ऐकवू नकोस, रो... अजून नको.”

म्हणजे ती कुणाला सापडली हे त्याला ठाऊक होतं. आणि तो घाबरला होता. पण पकडला गेलेला नवरा घाबरतो तसा नव्हे. रोवीनाला हे तेव्हाच जाणवलं होतं, पण संशय एकदा वाटेला लागला की वळणं बघत नाही. तिनं मनाशी ठरवलं, सिंगल निघू दे. मग बघू.

सिंगल शुक्रवारी निघालं. दुपारी चार वाजता विद्यापीठाच्या रेडिओनं ते वाजवलं आणि लगेच पुन्हा वाजवलं, कारण फोन थांबेनात. आठवड्याभरात पाचशे प्रती संपल्या, आणखी काढाव्या लागल्या. दुसऱ्या आठवड्यात ऑकलंडचं केंद्र लावू लागलं आणि तिसऱ्या आठवड्यात देशाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते तिसरं आलं. गिरणीतला, बंदरावरचा, शाळेतला, जो तो तेच गुणगुणत होता. सिडनीच्या एका कंपनीनं करारपत्र पाठवलं, ऑस्ट्रेलियात काढू म्हणून. तिघांच्या सह्या हव्या होत्या. फर्गस आणि हेमीनं त्याच दिवशी केल्या. रोवीना म्हणाली, नीट वाचून करते.

पत्रं येऊ लागली. रोवीना टपाल खात्यात पत्रं वेगळी काढायच्या कामावर होती, त्यामुळे बँडचं टपालही तीच बघायची. इन्व्हरकार्गिलच्या एका मुलीनं लिहिलं होतं, ‘तुमचं गाणं मी रोज ऐकते. हल्ली मी सोफ्यावर झोपते. पलंगावर झोपवत नाही, का ते ठाऊक नाही.’ टिमरूच्या एका ट्रक ड्रायव्हरनं लिहिलं होतं, की हल्ली तो बाजूच्या सीटवर डबासुद्धा ठेवत नाही, बायको त्याला हसते. वेडे श्रोते कुठल्या गाण्याला नसतात, म्हणून रोवीनाही आधी हसली. असं सातवं पत्र आलं तेव्हा तिनं ते घडी करून वेगळ्या खोक्यात ठेवलं.

या सगळ्यात एक गोष्ट चांगली झाली होती. फर्गस पुन्हा पलंगाच्या मधोमध झोपू लागला होता. त्याचे गाल भरले होते. ‘असेल ती कोण, तिच्याशी तुटलं असेल,’ असं रोवीनाच्या मनात यायचं, आणि बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटायची.

मग सप्टेंबरात बंदराजवळच्या हॉलमध्ये मोठा कार्यक्रम झाला. सहाशे माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. शेवटी ‘सरक जरा’ सुरू झालं. रोवीना नेहमीप्रमाणे डावीकडे उभी राहून वाजवत होती. पहिलं ध्रुवपद आलं आणि तिला दिसलं, की मागच्या दाराजवळची माणसं बाजूला होताहेत. कुणी ढकलत नव्हतं. जो तो गाता गाता अर्धं पाऊल सरकत होता, जसं आपण वाटेत कोणी आलं की न बघता सरकतो. दारापासून आत एक चिंचोळी मोकळी वाट पडली. दुसऱ्या ध्रुवपदाला ती वाट हॉलच्या मध्यावर आली. तिसऱ्याला रंगमंचाच्या पायथ्याशी. सहाशे माणसं घामाघूम होऊन एकमेकांवर दाटली होती आणि त्यांच्या मधून एकाच माणसाला चालता येईल एवढी फरशी कोरी होती. कोणीही खाली बघत नव्हतं.

फर्गस माइकपासून अर्धं पाऊल बाजूला झाला.

रोवीनाची बोटं चालत राहिली. बोटांना तेवढंच ठाऊक होतं.

कार्यक्रम संपल्यावर ती तारा गुंडाळत होती, तेव्हा साउंड सांभाळणारा लॅक्लन जवळ आला. “शेवटच्या गाण्यात मस्त लागला तुझा आवाज. आधी का नाही कधी गायलीस?”

“मी गायले नाही.”

“मग कोण गायलं?”

“तूच सांग. मशिनवर तू होतास.”

लॅक्लननं डोकं खाजवलं. “मधल्या माइकवरून येत होता. मी म्हटलं, तूच... बाईचाच होता ना?”

फर्गस खाली वाकून पेटी बंद करत होता. त्यानं ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. त्या क्षणी रोवीनाची खात्री झाली. याच्याकडे त्या बाईची टेप आहे, ती तो गुपचूप वाजवतो. गाणंही बहुधा तिचंच. हा माणूस एका बाईचं गाणं चोरून आणतो, तिचा आवाज वापरतो आणि माझ्याजवळ येऊन झोपतो. चोरी आणि व्यभिचार, दोन्ही एका गाण्यात.

सोमवारी तिनं रजा टाकली, फर्गसला काही न सांगता व्हॅन काढली आणि दक्षिणेचा रस्ता धरला. तीन तास मेंढ्यांची कुरणं आणि वाऱ्यानं एका बाजूला झुकलेली झाडं. अकराच्या सुमाराला ती टॅनक बेच्या शेवटच्या घरापाशी पोचली. किल्लीवाली म्हातारी, मिसेस एफी म्यूअरहेड, ऐंशीच्या पुढची होती. तिनं रोवीनाला आत घेतलं, चुलीजवळ बसवलं आणि विचारल्याशिवाय चहा ओतला.

“जुलैत माझा नवरा इथं राहिला होता,” रोवीना म्हणाली.

“हो. उंच. दाढी न करणारा.”

“त्याच्याबरोबर कोणी बाई होती?”

एफीनं किटली खाली ठेवली. “आला तेव्हा एकटाच होता, पोरी.”

“आणि गेला तेव्हा?”

“किल्ली द्यायला गाडी इथं थांबवली त्यानं. स्वतःची बॅग मांडीवर घेऊन गाडी चालवत होता. बाजूची सीट मोकळी. मी म्हटलं, अरे, बॅग तिथं ठेव की. तर म्हणाला, नको, असू दे.” तिनं चुलीत लाकूड सारलं. “तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. म्हटलं, गेली. इतक्या वर्षांनी गेली एकदाची.”

“कोण गेली?”

“माझी आजी एकोणीस वर्षांची असताना जहाजावर कामाला होती. ते जहाज इथं समोर फुटलं. आजी धरून अकरा जण पोहून वर आले आणि त्या झोपडीत शिरले. असाच हिवाळा. आजी दाराला पाठ लावून बसली, वारा आत येऊ नये म्हणून. उजाडायच्या आधी बाहेरून कोणी तरी दार ढकललं. बाईचा आवाज. सरका जरा, जागा करा. आतले म्हणाले, जागा नाही. दार उघडलं असतं तर होती नव्हती ती ऊब गेली असती ना. ती ओरडली नाही, रडली नाही. तेवढंच म्हणत राहिली. मग दाराला टेकून बसली. आजीच्या पाठीला तिची पाठ, मध्ये फक्त फळी. ती कुडकुडतेय हे आजीला कळत होतं. आणि थांबली, तेही कळलं.”

चुलीत लाकूड बसकलं. रोवीनाचा चहा तसाच होता.

“जागा खरंच नव्हती?”

“मरायच्या आदल्या वर्षी आजीनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, एफी... जागा होती.”

“नाव काय होतं त्या बाईचं?”

“तेच तर कुणाला कळलं नाही. जहाजाच्या यादीतली सगळी माणसं मिळाली, बुडालेली आणि वाचलेली. ही त्यात नव्हती. मग आली कुठून, ते समुद्राला माहीत. बिननावाचीच पुरली.”

रोवीनानं किल्ली मागून घेतली. म्हातारीची गोष्ट तिला पटली नव्हती. गावंच्या गावं एकमेकांना सांभाळून घेतात, हे तिला ठाऊक होतं. असेल इथलीच कोणी, या बाईची नात नाहीतर भाची, आणि हिनं तिला झाकायला भूत पुढे केलं असेल. तिला पुरावा हवा होता. एखादी केसांची पिन, एखादा कप, काहीही.

झोपडी खडकांच्या आडोशाला होती. एकच खोली, एक खिडकी, एक पलंग, एक शेकोटी. बाहेर ऊन होतं, आत जुन्या ओल्या लोकरीचा वास. रोवीनानं फडताळ पाहिलं, गादी उलटली. केसांची पिन नाही की कप नाही. शेकोटीजवळच्या जळणाच्या खोक्यात मात्र फर्गसच्या वहीतले चुरगाळलेले कागद होते. ती जमिनीवर बसली आणि एकेक सरळ करून वाचू लागली.

पहिल्या कागदावर एका ओळीत ‘सरक जरा’ आणि तिच्याखाली ‘जागा नाही’. पुन्हा ‘सरक जरा’, पुन्हा ‘जागा नाही’. पानभर तेच. दुसऱ्या कागदावर तेच, पण उत्तराचं अक्षर वेडंवाकडं. तिसऱ्यावर ‘जागा नाही’च्या ऐवजी ‘तू कोण’. चौथ्यावर ‘कृपा कर’. सर्वांत खालच्या कागदावर प्रश्न नव्हताच. नुसतं एक उत्तर होतं, लहान अक्षरात.

‘बरं. ये.’

रोवीना तो कागद हातात धरून बसली होती. तेवढ्यात दाराखालून येणारी उन्हाची पट्टी मधोमध तुटली.

तिला वाटलं, म्हातारी आली. “मिसेस म्यूअरहेड?” ती म्हणाली. उत्तर आलं नाही. दाराच्या फळीला बाहेरून काही तरी घासत खाली आलं, जसं दमलेलं माणूस भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसतं. मग फळी किंचित आत दबली आणि दबलेलीच राहिली.

रोवीना उठली कधी आणि दारापाशी गेली कधी, ते तिला आठवत नाही. तिला आठवतं ते एवढंच, की भानावर आली तेव्हा तिची पाठ दाराला लागलेली होती, टाचा जमिनीत रुतलेल्या होत्या आणि ती जिवाच्या आकांतानं दार आतून दाबून धरत होती. पाठीला फळीपलीकडून बारीक थरथर जाणवत होती. मांजर मांडीत घुरघुरतं ना, तशी. किती वेळ गेला कोण जाणे. ती खिडकीतून बाहेर पडली, हात खरचटून घेतले आणि झोपडीकडे न बघता व्हॅनपर्यंत धावली. किल्ली आजही तिच्याकडेच आहे.

घरी पोचली तेव्हा सहा वाजत होते. फर्गस सिंकजवळ उभा राहून बटाटे सोलत होता. तिनं तो कागद ओट्यावर ठेवला.

त्यानं तो पाहिला आणि सोलणं थांबवलं नाही.

“आठ दिवस मी नाही म्हटलं,” तो म्हणाला. “रोज. ती काही करत नाही, रो. हात लावत नाही, भीती घालत नाही. फक्त मागते. नवव्या दिवशी मला वाटलं, थोडं सरकायचंच तर आहे. सरकलो. गाणं त्याच दिवशी आलं, सगळं, एका दमात.”

“मग?”

“मग ती मागे होत नाही. आज एवढी जागा दिली, की उद्या तेवढी आणखी. मी पलंगाच्या कडेवर आलो होतो. तू बघत होतीस.”

“मला वाटलं, तुझं कुणाशी तरी...”

“ठाऊक आहे मला. तसंच वाटू दे म्हटलं. खरं सांगण्यापेक्षा ते बरं होतं.”

रोवीना खुर्चीवर बसली. एक गोष्ट अजून तिच्या हिशेबात बसत नव्हती. आता बसायला लागली. “गाणं बाजारात येऊन तीन आठवडे झाले. तेव्हापासून तू मधोमध झोपतोस.”

फर्गसनं पुढचा बटाटा उचलला.

“फर्गस... म्हणून काढलंस का ते? सिंगल?”

“लाख माणसं जराजराशी सरकली तर कुणाला कळणारही नाही,” तो हळू म्हणाला. “माझ्या एकट्याच्या वाट्याला आलं होतं ते. सगळ्यांच्या वाट्याला एक बोटभर. इतकंच.”

“त्या इन्व्हरकार्गिलच्या मुलीनं पलंग सोडलाय.”

“सोफा आहे ना तिला.”

हे तो निर्दयपणे म्हणाला नाही. दमलेल्या माणसासारखा म्हणाला. रोवीनाला तेच जास्त लागलं. तिनं विचारलं, “आणि लोक ऐकेनासे झाले म्हणजे? दोन महिन्यांत दुसरं गाणं येईल. मग?”

बटाटा त्याच्या हातात तसाच राहिला. “सिडनीच्या कागदावर तुझी सही झाली, तर ती वेळ लवकर येणार नाही.”

तिनं सही केली नाही. कोणा परक्या गावातल्या परक्या माणसांच्या पलंगात हे पाठवायचं नाही, असं तिनं ठरवलं आणि कागद बेसच्या पेटीत, त्या कॅसेटजवळ, ठेवून दिला. हेमीनं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा जरा चिडून म्हणाला, “रो, मी नऊ वर्षं लोकांची घरं रंगवतोय. एकदा तरी स्वतःचं रंगवू दे की. नडतंय कुठं ते तरी सांग.” सांगणार काय?

आणि मग गाणं उतरायला लागलं, जशी सगळीच उतरतात. तिसऱ्याचं नववं झालं, नवव्याचं चोविसावं. रेडिओवर दिवसातून दहादा यायचं ते दोनदा येऊ लागलं. फर्गसनं तक्रार केली नाही. तो पुन्हा पलंगाच्या कडेला गेला. मग एक खांदा कडेबाहेर. रोवीनानं त्याला सोफ्यावर झोपवून पाहिलं, तिथंही तो काठावरच. मैत्रिणीच्या घरी नेलं, तिथंही तेच. ऑक्टोबरातल्या एका सकाळी, चांगलं ऊन पडलेलं असताना, तिला जाग आली तर तो बिछान्यात नव्हता. तो पलंगाखाली होता. भिंतीच्या कोपऱ्यात, गुडघे छातीशी घेऊन, माणूस मावणार नाही एवढ्या जागेत. ओठ निळे. डोळे उघडे. ती त्याला ओढून बाहेर काढत होती तेव्हा तो तिला पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, की आता आणखी सरकायला भिंतच आहे.

त्याच सकाळी तिनं सही केली. पुढे तिनं स्वतःला पुष्कळ कारणं दिली: हेमीचं घर, बँडची सात वर्षं, कुणाच्या वाट्याला बोटभर आलं तर काय बिघडतं. पण तिला माहीत होतं, कारण एकच होतं. दार तिच्या पाठीला होतं आणि आत तिचं माणूस होतं. एफीच्या आजीला तिनं मनातून दोष दिला होता, तो तिनं त्या दिवशी काढून घेतला.

सिंगलची मूळ टेप, जिच्यावर फर्गसशिवाय कुणी गायलं नव्हतं, विमानानं सिडनीला गेली. तिकडच्या रेडिओंना कंपनीनं आगाऊ प्रती वाटल्या आणि आठवड्यात फर्गसच्या ओठांवर रंग आला. पंधरवड्यात तो बाजारात जाऊन आला, हेमीशी भांडला, जेवणात मीठ कमी म्हणाला. घर पुन्हा घरासारखं वाटू लागलं. रोवीना त्याला न्याहाळायची आणि बरं वाटून घ्यायची. फक्त एक प्रश्न ती कुणापाशी बोलली नाही. ती बाई जुलैतच टॅनक बे सोडून त्यांच्या घरी आली होती. मग सप्टेंबरात, भर दुपारी, झोपडीच्या दाराला बाहेरून पाठ लावून कोण बसलं होतं?

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हेमीनं तिला टपाल कचेरीत फोन केला. तो ज्या रंगाच्या दुकानातून माल उचलायचा, त्यांच्या फॅक्सवर सिडनीहून निरोप आला होता. मजकूर त्याला नीट लागत नव्हता. तू येऊन बघ, म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत ती चालत गेली. दुकानात टर्पेंटाइनचा वास होता, काउंटरवर ऊन आलं होतं. हेमीनं कागद तिच्यापुढे केला आणि स्वतः वाचायचं टाळल्यासारखा रंगाच्या डब्यांकडे वळला.

कंपनीनं अगदी आनंदानं लिहिलं होतं. रेकॉर्ड उत्तम निघाली आहे, सोमवारी दुकानांत जाईल, पहिल्या चाळीस हजार प्रती आधीच ठरल्या आहेत. आवरण छपाईला चाललंय, तेवढी कोरसमधल्या चारही बायकांची नावं आजच कळवावीत. गाणं संपल्यावर जे लहान मूल बोलतं त्याचंही नाव हवं. ते काय म्हणतं हे आधी कुणाला समजत नव्हतं, पण आमच्या टायपिस्ट बाई मूळच्या नॉर्वेच्या, त्यांना ती भाषा लागली. त्या म्हणतात, मूल आईला हाक मारतंय आणि सांगतंय, की बाहेर अजून पुष्कळ जण उभे आहेत.